झाडाची जखम भरत नाही, झाड ती कोंडून टाकतं

आपलं बोट कापलं की थोड्या दिवसात तिथे नवीन कातडी येते आणि खूणही राहत नाही, म्हणून झाडाचंही तसंच होत असेल असं आपण धरून चालतो. पण एकदा खराब झालेलं लाकूड झाड दुरुस्त करत नाही, ते त्याच्याभोवती भिंती घालतं आणि वरून नवीन लाकूड चढवत वाढत राहतं. म्हणजे वीस वर्षांपूर्वीचा कुऱ्हाडीचा घाव आज बाहेरून दिसत नसला तरी खोडाच्या आत तो आहेच.

हे नीट दाखवून दिलं अमेरिकेच्या वनखात्यातले शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शिगो यांनी. हजारो झाडं चेनसॉने उभी चिरून त्यांनी आतली कूज कुठून कुठे पसरली ते पाहिलं आणि 1970च्या दशकात चार भिंतींची कल्पना मांडली. पहिली भिंत वरखाली जाणाऱ्या नळ्या बुजवते पण ती सगळ्यात कच्ची, म्हणून कूज खोडात उभी लांबवर पळते. दुसरी कुजीला आत गाभ्याकडे जाऊ देत नाही, तिसरी बाजूला, आणि चौथी भिंत जखम झाल्यावर सालीखालचा जिवंत थर नव्याने तयार करतो, ती सगळ्यात पक्की. खोड आतून पोकळ झालेलं झाडसुद्धा कित्येक वर्षं हिरवंगार उभं राहतं ते या चौथ्या भिंतीमुळे!

आता छाटणीकडे बघा. फांदी खोडाला मिळते तिथे सुजल्यासारखा फुगीर भाग असतो, त्याला कॉलर म्हणतात, आणि झाडाचा बंदोबस्त तिथेच असतो. दिसायला साफसूफ वाटावं म्हणून फांदी खोडाला अगदी चिकटून कापली की कॉलर जाते आणि कुजीला थेट खोडात वाट मिळते, आणि लांब खुंट ठेवला तर तो वाळतो, सडतो आणि जखम मिटायला अडथळा होतो. काप कॉलरच्या लगेच बाहेर हवा. जड फांदी असेल तर आधी खोडापासून फूटभर लांब खालून अर्धवट काप, मग त्याच्या थोडं पुढे वरून काप देऊन वजन उतरवायचं आणि शेवटी कॉलरपाशी उरलेला खुंट काढायचा, नाहीतर फांदी तुटताना खोडाची साल सोलत खाली येते. कापावर डांबर किंवा ऑइलपेंट फासायची सवय खूप जुनी आहे पण त्याने कूज थांबत नाही, उलट ओल आत अडकते.

सगळ्यात वाईट वाटतं ते झाडाचा शेंडाच उडवलेला बघून. झाड घाबरून भराभर फुटवे काढतं, लोकांना वाटतं वा काय छान फुटलंय, पण हे फुटवे फक्त वरवरच्या थरात रुजलेले असतात, खाली लाकूड सडत असतं आणि काही वर्षांनी तेच वाऱ्यात मोडून पडतात. धोका कमी करायला केलेल्या कामानेच धोका वाढतो.

मुळांनाही हेच लागू आहे. बहुतेक मुळं वरच्या दोन फुटातच असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर जातात, त्यामुळे खोडापासून बऱ्याच लांब खणलेल्या चरातसुद्धा जाड मुळं तुटतात आणि तिथून आत शिरलेली कूज वरून कोणाला दिसत नाही.

अंगठ्याएवढ्या फांदीचा घाव झाड सहज झाकतं, मांडीएवढ्या फांदीचा कित्येकदा कधीच झाकला जात नाही. म्हणून कुठली फांदी नको हे झाड कोवळं असतानाच ठरवायचं.