गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर: 'ग्रेड' आणि 'टाइप' हे शब्द आले कुठून?

पाळी जाऊन चार-पाच वर्षं झालेली असतात आणि एके दिवशी कपड्यावर लाल डाग दिसतो. पाळी गेल्यानंतरच्या अशा रक्तस्रावामागे दर वेळी कॅन्सर नसतो; शंभरातल्या साधारण नऊ जणींमध्येच तो सापडतो. पण पाळी गेल्यावर ज्यांना हा कॅन्सर होतो, त्यांच्यापैकी दहातल्या नऊ जणींना पहिली खूण हीच दिसलेली असते. मग अस्तराचा छोटा तुकडा तपासायला जातो आणि काही दिवसांनी रिपोर्ट हातात येतो: 'एंडोमेट्रिऑइड कार्सिनोमा, फिगो ग्रेड 1'. किंवा 'सीरस कार्सिनोमा'. किंवा नुसतंच 'हाय ग्रेड'. यातला एंडोमेट्रिऑइड म्हणजे अस्तराच्या ग्रंथींसारखाच दिसणारा, नेहमी आढळणारा प्रकार.

घरचे सगळे त्या आकड्याकडे बघतात. ग्रेड 1 म्हणजे बरं, 3 म्हणजे वाईट, एवढं ऐकून माहीत असतं. काही जण ग्रेड आणि स्टेज एकच समजतात आणि उगाच घाबरतात किंवा उगाच निर्धास्त होतात. स्टेज सांगते आजार कुठवर पोहोचला. ग्रेड सांगते पेशी किती बिघडल्या. प्रकार सांगतो हा आजार मुळात कोणता. ही तीन उत्तरं तीन वेगळ्या काळांत, वेगवेगळ्या माणसांनी शोधली आणि बराच काळ ती एकमेकांशी जुळत नव्हती.

ग्रेडची कल्पना गर्भाशयातून आलेलीच नाही, ती ओठातून आली. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये अल्बर्ट ब्रॉडर्स यांनी 1920 साली ओठाच्या कॅन्सरच्या स्लाइड्स बघून एक साधी गोष्ट मांडली. गाठीतल्या पेशी मूळ पेशींसारख्या दिसत असतील तर रोगी जास्त जगतो. ओळखूच येत नसतील तर कमी. त्यांनी चार पायऱ्या केल्या. तीन वर्षांनी तिथल्याच माहले यांनी हीच पट्टी गर्भाशयाच्या कॅन्सरला लावून पाहिली.

गर्भाशयाच्या अस्तराला ही पट्टी का लागू पडते, हे कळायला एकदा स्लाइड डोळ्यांसमोर आणावी लागते. निरोगी अस्तरात ग्रंथी असतात: आडव्या कापलेल्या बारीक नळ्यांसारख्या, मधे पोकळी आणि भोवती एका रांगेत उभ्या पेशी. ग्रेड 1 च्या कॅन्सरमध्ये नळ्या दाटीवाटीने, पाठीला पाठ लावून उभ्या असतात, पण नळ्याच असतात. आजार पुढच्या ग्रेडचा असेल तर पेशी नळी करायचं विसरतात आणि नुसते भरीव गठ्ठे होतात. फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा नियम याच गठ्ठ्यांवर उभा आहे: भरीव भाग 5 टक्क्यांपर्यंत असला तर ग्रेड 1, 6 ते 50 टक्के असला तर ग्रेड 2, त्याहून जास्त असला तर ग्रेड 3.

या मोजणीत एक बारीक मेख आहे. काही गाठींमध्ये त्वचेसारख्या चपट्या पेशींचे ठिपके असतात. तेही भरीव दिसतात, पण ते मोजायचे नाहीत. मोजले तर सौम्य गाठ विनाकारण वरच्या ग्रेडमध्ये जाते.

स्टेजची गोष्ट तर याहून कच्ची होती. 1971 च्या फिगो पद्धतीत पहिल्या स्टेजचे दोन भाग कसे पाडायचे, तर पिशवीत सळई घालून पोकळीची लांबी मोजायची: 8 सेंटीमीटरपर्यंत अ, जास्त असेल तर ब. फायब्रॉइडमुळेही पिशवी मोठी होते हे सगळ्यांना माहीत होतं, तरी सतरा वर्षं हे माप चाललं. 1987 मध्ये विल्यम क्रीझमन आणि सहकाऱ्यांनी शस्त्रक्रिया झालेल्या 621 स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आजार पिशवीपुरताच वाटत असतानाही लसीकाग्रंथींमध्ये पोहोचलेला असू शकतो, आणि ग्रेड जितका वरचा व स्नायूत शिरकाव जितका खोल तितकी ही शक्यता जास्त, हे त्यात दिसलं. पुढच्याच वर्षी फिगोने सळई बाजूला ठेवली आणि स्टेज शस्त्रक्रियेनंतर ठरवायची असं केलं.

आता प्रकारांकडे. इथे डॉक्टरांचं लक्ष गाठीवरून बाईकडे वळलं, आणि मला या इतिहासातला हा सगळ्यात महत्त्वाचा भाग वाटतो.

1949 साली अमेरिकेत आर्थर हर्टिग आणि शेल्डन सॉमर्स यांनी एक चिकाटीचं काम केलं. ज्यांना पुढे कॅन्सर झाला, अशा स्त्रियांच्या कित्येक वर्षं आधीच्या क्युरेटिंगच्या जुन्या स्लाइड्स त्यांनी शोधून काढल्या. अनेकींच्या त्या जुन्या तुकड्यांत अस्तर आधीपासूनच जाड झालेलं, ग्रंथी वाढलेल्या होत्या. या वाढीला हायपरप्लेझिया म्हणतात. त्यातली कुठली धोक्याची आणि कुठली नाही, हे रॉबर्ट कर्मन व सहकाऱ्यांनी 1985 साली 170 स्त्रियांच्या अभ्यासातून दाखवलं. पेशींचा चेहरा बिघडलेला नसेल तर पुढे कॅन्सर होण्याचं प्रमाण 1 ते 3 टक्के. पण ग्रंथींची गुंतागुंत आणि बिघडलेल्या पेशी दोन्ही असतील, तर 35 पैकी 10 जणींना कॅन्सर झाला.

अस्तर जाड का होतं? इस्ट्रोजेन त्याला वाढवतं आणि प्रोजेस्टेरॉन आवरतं. नुसतं इस्ट्रोजेन मिळत राहिलं की वाढ थांबत नाही. पाळी नियमित नसेल, बीजच तयार होत नसेल, तर असं होतं. पाळी गेल्यावर चरबीच्या पेशी इस्ट्रोजेन बनवत राहतात, म्हणून वजन जास्त असेल तर धोका वाढतो. याची सगळ्यात कठोर साक्ष औषधानेच दिली. डिसेंबर 1975 मध्ये एका नामांकित अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकाच्या एकाच अंकात दोन अभ्यास आले: पाळी जातानाच्या तक्रारींसाठी एकटं इस्ट्रोजेन घेणाऱ्या स्त्रियांमध्ये अस्तराचा कॅन्सर कित्येक पटींनी जास्त होता. लाखो स्त्रिया तेव्हा ती गोळी विश्वासाने घेत होत्या. त्यानंतर गर्भाशय असलेल्या स्त्रीला इस्ट्रोजेनसोबत प्रोजेस्टेरॉनसारखं औषध द्यायचं, ही रीत पडली.

पण सगळ्याच रुग्ण या चित्रात बसत नव्हत्या. लेनिनग्राडच्या पेत्रोव्ह ऑन्कॉलॉजी संस्थेत यान बोखमन यांनी 366 स्त्रियांची नीट नोंद ठेवली आणि 1983 साली दोन प्रकार मांडले. पहिल्या प्रकारच्या स्त्रियांत लठ्ठपणा, मधुमेह, पाळीच्या तक्रारी, मूल न होणं, उशिरा गेलेली पाळी आणि आधीचा हायपरप्लेझिया. त्यांचा आजार संथ. दुसऱ्या प्रकारात यातलं काहीच ठळक नाही, आणि आजार मात्र आक्रमक. सुमारे दोन-तृतीयांश रुग्ण पहिल्या गटात होत्या. इथे एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी: बोखमन यांनी हे गट स्त्रियांच्या शरीराकडे आणि हार्मोन्सकडे बघून केले होते, स्लाइडवरचं नाव बघून नाही.

स्लाइडवरचं नाव अमेरिकेतून आलं. 1982 मध्ये स्टॅनफर्डच्या मायकल हेंड्रिक्सन आणि सहकाऱ्यांनी गर्भाशयातला सीरस कॅन्सर वेगळा काढला. तो हुबेहूब अंडाशयाच्या सीरस कॅन्सरसारखा दिसत होता आणि तसाच पोटात पसरत होता. या आजारापुढे ग्रेडची जुनी पट्टी फसली. सीरस गाठीत पेशी छान झुपके आणि ग्रंथी रचतात, भरीव भाग कमी असतो. टक्के मोजले तर तो सौम्य ठरायचा! पण केंद्रकं पाहिली तर मोठी, वेडीवाकडी, गडद. म्हणूनच 1988 च्या फिगो नियमात हे आलं की केंद्रकं रचनेच्या मानाने फारच बिघडलेली असतील तर ग्रेड एकाने वाढवायचा. आज सीरस आणि क्लिअर सेल या प्रकारांना ग्रेड देतच नाहीत. ते जात्याच हाय ग्रेड धरतात. कार्सिनोसार्कोमा या आणखी एका प्रकारात अस्तरासारख्या (कार्सिनोमा) आणि स्नायू-हाडांसारख्या (सार्कोमा) अशा दोन्ही बिघडलेल्या पेशी दिसतात; तो पूर्वी सार्कोमात धरायचे. त्याच्या दोन्ही बाजू एकाच पेशीतून निघतात हे कळल्यावर तोही कार्सिनोमात आला.

पुढे पुस्तकांनी दोन्ही गोष्टींची सरसकट सांगड घातली: एंडोमेट्रिऑइड म्हणजे टाइप 1, सीरस म्हणजे टाइप 2. शिकवायला सोपं, पण ग्रेड 3 एंडोमेट्रिऑइड नेमका कुठे टाकायचा हे कुणालाच धड सांगता येईना. एकच स्लाइड एका पॅथॉलॉजिस्टला एंडोमेट्रिऑइड वाटायची, तर दुसऱ्याला सीरस. अनुभवी लोकांचीही मतं जुळायची नाहीत.

यातून सुटका जनुकांनी केली, आणि त्याचा एक धागा फार जुना आहे. 1895 साली मिशिगनमध्ये पॅथॉलॉजिस्ट आल्ड्रेड वॉर्थिन यांना त्यांच्याकडे शिवणकाम करणाऱ्या बाईने सांगितलं, की आमच्या घरात सगळे आतड्याच्या नाहीतर गर्भाशयाच्या कॅन्सरने जातात, मीही तशीच जाणार. वॉर्थिन यांनी तिचं म्हणणं उडवून लावलं नाही. त्यांनी घराण्याची वंशावळ लिहून काढली आणि 1913 साली प्रसिद्ध केली. ती बाई पुढे गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरनेच गेली. याच आनुवंशिक आजाराला आज हेन्री लिंच यांच्या नावावरून लिंच सिंड्रोम म्हणतात. त्यात डीएनएतल्या चुका दुरुस्त करणारी जनुकं बिघडलेली असतात.

2013 मध्ये अमेरिकेच्या कॅन्सर जिनोम ॲटलास प्रकल्पाने 373 गाठींचा जनुकीय नकाशा काढला, तेव्हा दोन नव्हे, चार गट निघाले. पहिल्यात डीएनएची नक्कल करण्यात भाग घेणारं पोल-ई नावाचं जनुक बिघडलेलं आणि डीएनएतल्या बदलांची प्रचंड संख्या. दुसऱ्यात दुरुस्तीची यंत्रणा बंद पडलेली, म्हणजे लिंचसारखा बिघाड, मग तो आनुवंशिक असो वा नसो. तिसऱ्यात गुणसूत्रं जवळपास शाबूत. चौथ्यात ती मोडतोड झालेली आणि बहुतेक वेळा पेशींच्या वाढीला आवर घालणारं पी-53 हे जनुक बिघडलेलं. सीरस कॅन्सर इथला. पॅथॉलॉजिस्टांनी हाय ग्रेड एंडोमेट्रिऑइड म्हटलेल्या गाठींपैकी सुमारे पाव गाठी आतून सीरससारख्या निघाल्या.

म्हणजे 'ग्रेड 3' या एका शिक्क्याखाली वेगवेगळे आजार दडले होते. धोक्याच्या गाठी असलेल्या स्त्रियांच्या पोर्टेक-3 या उपचारांच्या चाचणीतले नमुने नव्याने तपासले, तेव्हा पोल-ई गटातल्या 98 टक्के स्त्रिया पाच वर्षांनी आजार न उलटता होत्या. पी-53 गटात 48 टक्केच. पी-53 गटात रेडिएशनला केमोची जोड दिल्यावर हा आकडा 59 होता, नुसत्या रेडिएशनवर 36. दुरुस्ती-बिघाडाच्या गटाला इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणारे उपचार) चांगली लागू पडते हेही पुढे दिसलं. 2023 च्या फिगो पद्धतीत तर जनुकीय निकाल स्टेजमध्येच घेतला आहे: आजार पिशवीपुरता असला आणि पोल-ई बिघडलेलं असलं तर स्टेज खाली येते, स्नायूत शिरलेल्या गाठीत पी-53 बिघडलेलं असलं तर वर जाते.

पी-53 आणि दुरुस्तीच्या प्रथिनांची तपासणी बायोप्सीच्या त्याच तुकड्यावर रंग चढवून होते. पोल-ईसाठी मात्र जनुकाचा क्रम वाचावा लागतो, म्हणून ती चाचणी अनेकदा राहून जाते, आणि 'ग्रेड 3' असं लिहिलेल्या रिपोर्टमध्ये हीच चाचणी केलेली आहे का, हे विचारण्यासारखं असतं. ज्या गाठींत यातला कुठलाच बिघाड सापडत नाही, त्यांचा गट सगळ्यात मोठा आहे. त्या गटात पुढचा धोका ठरवायला डॉक्टर अजूनही इस्ट्रोजेन रिसेप्टर (इस्ट्रोजेन जिथे चिकटतं ते पेशीतलं प्रथिन) बघतात, आणि नळ्या किती, गठ्ठे किती, हे मोजतात.