जोड कुठल्या सालातली?

तालमीच्या भाषेत एक शब्द आहे, जोड, म्हणजे एकमेकांशी लढवायचे तोलामोलाचे दोघं. जत्रेच्या फडात पंच पैलवानाला हौद्यात फिरवतात, त्याचं वजन, वय, तयारी नजरेनं जोखतात आणि मगच जोड ठरते. नाशिकमध्ये पंचवटीतल्या चहाच्या टपरीवर नाहीतर कॉलेज रोडच्या जिमबाहेर पोरं बॉक्सिंगच्या गप्पांत तावातावानं विचारतात, ‘मोहम्मद अली आणि माइक टायसन लढले असते तर?’ तेव्हा हे जोखणंच राहून जातं. काळ ओलांडून लावलेल्या जोडींचा हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे, आणि त्याची सुरुवात मोठी कडवट आहे.

हेवीवेट या बॉक्सिंगमधल्या सर्वांत वरच्या वजनगटाचा विजेता जिम जेफ्रीज १९०५ मध्ये अपराजित राहून निवृत्त झाला. १९०८ मध्ये सिडनीत जॅक जॉन्सन हा पहिला कृष्णवर्णीय हेवीवेट विश्वविजेता ठरला. गोऱ्या अमेरिकेला ते सहन होईना. ‘जेफ्रीज असता तर’ हे वाक्य इतक्या वेळा बोललं गेलं की शेती करणाऱ्या, अंगानं सुटलेल्या जेफ्रीजला परत रिंगमध्ये ओढून आणलं. ४ जुलै १९१० रोजी रेनो इथे ४५ फेऱ्यांची लढत ठरली होती. पंधराव्या फेरीतच जॉन्सननं निकाल लावला. त्यानंतर अनेक शहरांत दंगली झाल्या आणि कृष्णवर्णीय माणसं मारली गेली. वरवर खेळाच्या वाटणाऱ्या या वादात वंशाचा गर्व किती खोलवर मुरलेला होता, हे विसरून चालणार नाही.

पुढेही दोन पिढ्या प्रत्यक्ष भिडल्या, तेव्हा वयानंच घात केला. जो लुईनं १९३७ ते १९४९ या काळात २५ वेळा किताब राखला होता. कराच्या देण्यापायी तो परतला आणि ऑक्टोबर १९५१ मध्ये, ३७ व्या वर्षी, २८ वर्षांच्या रॉकी मार्सियानोकडून आठव्या फेरीत हरला. २ ऑक्टोबर १९८० रोजी ३८ वर्षांचा अली त्याच्याच जुन्या सराव-जोडीदारासमोर, लॅरी होम्ससमोर, उभा राहिला. दहाव्या फेरीनंतर त्याच्या कोपऱ्यातूनच लढत थांबवली गेली. त्या रात्रीची दृश्यं मला आजही पूर्ण बघवत नाहीत.

भरातल्या दोघांना समोरासमोर आणायचं, तर कल्पनाच हवी. १९६७ मध्ये मायामीतल्या मरे वोरोनर या रेडिओ निर्मात्यानं ते काम संगणकाला दिलं. १६ हेवीवेट निवडले, त्यांची माहिती यंत्रात भरली आणि निघालेल्या निकालांवरून रेडिओवर लढती ‘खेळवल्या’. अंतिम लढतीत मार्सियानोनं जॅक डेम्प्सीला हरवलं. अली मात्र जेफ्रीजकडून हरला! व्हिएतनाम युद्धासाठी सैन्यात जायला नकार दिल्यामुळे त्याच वर्षी त्याचा किताब काढून घेतला होता. त्यात जॉन्सननं लोळवलेल्या माणसाकडून हार. त्यानं दावा ठोकला. तडजोड झाली ती अशी की १९६९ मध्ये अली आणि निवृत्त मार्सियानो स्टुडिओत एकेक मिनिटाच्या सुमारे ७० फेऱ्या खेळले आणि शेवट अनेक तऱ्हांनी चित्रित झाला. मार्सियानोनं त्यासाठी वजन उतरवलं, डोक्यावर टोपही चढवला. २० जानेवारी १९७० रोजी चित्रपटगृहांत दाखवलेल्या शेवटात तेराव्या फेरीत मार्सियानो जिंकला. तो पाहायला तो स्वतः नव्हता. ३१ ऑगस्ट १९६९ रोजी विमान अपघातात तो गेला. युरोपात तर वेगळा शेवट दाखवला गेला, तिथे अली जिंकला.

यंत्राला न सुटलेली अडचण नियमांची आहे. हातमोजे घालून लढायला लावणारे क्वीन्सबेरी नियम १८६७ मध्ये आले, तरी हेवीवेट किताबाची शेवटची उघड्या मुठींची लढत झाली १८८९ मध्ये, तीही ७५ फेऱ्यांची. नंतर किताबाच्या लढती १५ फेऱ्यांवर स्थिरावल्या. नोव्हेंबर १९८२ मध्ये रे मॅन्सिनीशी लढताना चौदाव्या फेरीत पडलेला दुक कू किम दगावला आणि हळूहळू १२ फेऱ्यांचा नियम झाला. वजनाचंही तेच. ४९ पैकी ४९ लढती जिंकणारा मार्सियानो सुमारे ८४ किलोचा होता. आज तो हेवीवेटमध्ये नव्हे, क्रूझरवेट या हलक्या गटात मोडला असता.

आपल्या कुस्तीत एक जोड मात्र दोनदा लागली, आणि दोन्ही वेळा खरी लागली. १९१० मध्ये लंडनला आपला गामा पैलवान आणि पोलंडचा झ्बिश्को अडीच तासांहून अधिक झुंजून बरोबरीत सुटले. १९२८ मध्ये पतियाळात गामानं मिनिटभरात निकाली कुस्ती केली. दोघंही जवळजवळ एकाच वयाचे, त्यामुळे अठरा वर्षांचं ओझं दोघांवर सारखंच होतं.

म्हणून टपरीवरच्या पोरांना मी आधी साल विचारतो. माझा अली १४ नोव्हेंबर १९६६ चा, ह्यूस्टनमध्ये क्लीव्हलंड विल्यम्सला तिसऱ्या फेरीत संपवणारा. टायसन घ्यायचा तर जून १९८८ चा, ९१ सेकंदांत मायकेल स्पिंक्सला झोपवणारा. फेऱ्या १५, कारण अलीच्या काळाचा नियम तोच, आणि टायसन १२ च्या पुढे कधी गेलाच नाही. मी अलीच्या बाजूनं आहे. ह्यूस्टनच्या त्या रात्री टायसन साडेचार महिन्यांचा होता.