फार्स आणि कॉमेडी-ड्रामा: हसू ओसरल्यावर कॅमेरा कुठे असतो?

मास मीडियाला शिकणाऱ्या माझ्या भाचीने तिची असाइनमेंट वाचायला पाठवली. विषय होता कॉमेडी-ड्रामामधली चित्रपटतंत्रं. पहिल्याच पानावर व्याख्या होती: ज्यात अर्धा वेळ हसू येतं आणि अर्धा वेळ डोळे पाणावतात, तो कॉमेडी-ड्रामा. आणि उदाहरण? ‘अशी ही बनवाबनवी’. मी फोन करून म्हटलं, “अगं, हा तर चोख फार्स आहे.” तर म्हणाली, “पण मामा, त्यांना पुण्यात राहायला जागा मिळत नाही, हे किती सीरियस आहे!”

मुद्दा अगदीच चुकीचा नाही. जागेची अडचण खरीच आहे. पण अडचण खरी असली म्हणून चित्रपट कॉमेडी-ड्रामा होत नाही. फार्सची सुरुवात बहुतेक वेळा खऱ्याच अडचणीतून होते. बबन प्रभूंची ‘झोपी गेलेला जागा झाला’ आणि ‘दिनूच्या सासूबाई राधाबाई’ ही नाटकं ज्या घरांत अजून आठवली जातात, तिथे फार्स म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. एक थाप मारायची, ती झाकायला दुसरी, आणि दुसरी झाकेपर्यंत पहिलीच दारात उभी. या दोन प्रकारांत गोंधळ होतो तो पडद्यावर. तिथे दोन्ही प्रकारांत माणसं खोटं बोलतात, दोन्हींत कुणीतरी भलत्या वेळी दार उघडतं आणि ओटीटीवर दोघांनाही एकाच ‘कॉमेडी’च्या रांगेत बसवलेलं असतं.

हसणं किती आणि रडणं किती, हे मोजत बसलं की फसगत ठरलेली. मी फरक असा करतो: फार्समध्ये झालेला विनोद तिथल्या तिथे फिटतो, कॉमेडी-ड्रामात तो खात्यावर मांडला जातो आणि पुढे कधीतरी वसुलीला येतो. ही वसुली संवादातून फारशी होत नाही. ती होते कट कुठे पडतो, कॅमेरा किती वेळ थांबतो, एखादी वस्तू पुन्हा कधी दिसते, यांतून. म्हणून तर हा विषय तंत्राच्या पेपरला येतो.

भाचीला मी एक जोडी बघायला सांगितली: ‘सम लाइक इट हॉट’ (१९५९) आणि ‘द अपार्टमेंट’ (१९६०). दोन्हींचा दिग्दर्शक बिली वाइल्डर, दोन्हींचं लेखन त्याने आय. ए. एल. डायमंडबरोबर केलेलं, दोन्हींत जॅक लेमन, दोन्हींचं संगीत अडॉल्फ डॉइचचं आणि दोन्ही कृष्णधवल. इतकं सगळं सारखं असताना एक फार्स झाला आणि दुसरा कॉमेडी-ड्रामा. अभ्यासाला याहून सोयीची जोडी मला तरी माहीत नाही.

गंमत अशी, की मुडदे पडतात ते फार्समध्ये. ‘सम लाइक इट हॉट’ची गोष्ट १९२९ सालच्या शिकागोत सुरू होते. दोन वादक (लेमन आणि टोनी कर्टिस) गाडीमागे लपलेले असतात आणि त्यांच्या डोळ्यांदेखत एका गॅरेजमध्ये गुंड दुसऱ्या टोळीच्या माणसांना भिंतीशी उभं करून मशीनगनने उडवतात. दोघं जीव घेऊन पळतात. त्यातला एक लगेच बाईचा आवाज काढून एजंटला फोन लावतो आणि कट! रेल्वे स्टेशन. कॅमेरा जमिनीलगत, बायकांच्या वेशातल्या त्या दोघांचे, उंच टाचांचे बूट घालून अडखळत चाललेले चार पाय. मेलेल्यांसाठी चित्रपट एक क्षणही थांबत नाही आणि आपल्यालाही त्याचं काही वाटत नाही. तो कट एवढ्यासाठीच आहे. मृत्यू हे तिथे फक्त पळण्याचं कारण आहे.

वेग हे फार्सचं हत्यार, पण वेग म्हणजे नुसती घाई नव्हे. लेमन बाईच्या वेशात एका म्हाताऱ्या लक्षाधीशाबरोबर रात्रभर टँगो नाचून येतो आणि मित्राला सांगतो की आपलं लग्न ठरलं. वाइल्डरने या प्रसंगात लेमनच्या हातात मराका, म्हणजे ते खुळखुळे, दिले. एक वाक्य बोलायचं, खुळखुळे वाजवत जरा डुलायचं, मग पुढचं वाक्य. कारण साधं होतं: थिएटरात हशा पिकला की पुढचं वाक्य त्यात बुडतं. खुळखुळ्यांनी हशाला जागा करून दिली. आपल्या रंगभूमीवरचे नट हशा ओसरेपर्यंत थांबतात. पडद्यावरचा नट थांबू शकत नाही, म्हणून ती थांबण्याची जागा आधीच बांधून ठेवावी लागते. त्याच चित्रपटात एकीकडे यॉटवर चाललेला प्रणय आणि दुसरीकडे तो टँगो, यांच्यामध्ये कॅमेरा झपकन फिरवल्यासारखे झटके आहेत. एकाही प्रसंगात आपल्याला रेंगाळू द्यायचं नाही, हा त्यांचा उद्देश.

आता ‘द अपार्टमेंट’. न्यूयॉर्कच्या एका अवाढव्य विमा कंपनीतला कारकून बॅक्स्टर (लेमन). बढतीच्या आशेने तो आपला फ्लॅट साहेबांना त्यांच्या भानगडींसाठी वापरायला देतो. कथासूत्र शंभर टक्के फार्सचं. किल्ल्यांची अदलाबदल, डायरीत वेळा बसवणं, सर्दी झालेली असताना थंडीत बाहेर ताटकळणं. तासभर आपण मजेत हसतो.

मग येतो ऑफिसातल्या नाताळच्या पार्टीचा प्रसंग. बॅक्स्टरला बढती मिळालेली आहे, त्याने नवी बोलर हॅट घेतली आहे आणि लिफ्ट चालवणाऱ्या मिस क्युबेलिकला तो ती दाखवतोय. कशी दिसते, जास्तच मिजास वाटते का, असं चाललंय. ती पर्समधून पावडरची छोटी डबी काढून देते, बघ म्हणून. तो डबी उघडतो. आतला आरसा तडकलेला आहे. पडद्यावर त्याचा चेहरा, मधोमध चीर गेलेला.

ही डबी आपण आधी पाहिली आहे. बॅक्स्टरला ती त्याच्याच फ्लॅटमध्ये सापडली होती आणि त्याने ती मोठ्या साहेबाला, शेल्ड्रेकला, नेऊन दिली होती. म्हणजे शेल्ड्रेकबरोबर फ्लॅटवर येणारी मुलगी कोण, हे त्याला या एका शॉटमध्ये कळतं. कुणी काही सांगत नाही, पार्श्वसंगीत किंचाळत नाही. तो एवढंच म्हणतो की आरसा फुटलाय, आणि ती म्हणते, माहीत आहे, मला तो तसाच आवडतो, मी आतून जशी आहे तशीच त्यात दिसते. डोक्यावर हॅट तशीच. पाच सेकंदांपूर्वी विनोदी असलेली तीच हॅट.

परीक्षेत या शॉटवर ‘क्लोजअपमुळे पात्राच्या भावना दिसतात’ असं लिहिणारे शंभर निघतील. तसं पाहिलं तर क्लोजअप त्याच्या चेहऱ्याचा नाहीच, आरशाचा आहे. आपण त्याच्या नजरेने बघतो, म्हणून कळण्याचा क्षण त्याचा आणि आपला एकच होतो. आणि तडा त्या दोघांनाही सामाईक आहे: आरसा तिचा, चेहरा त्याचा. हे लिहिलं तर मार्क मिळतील असं मी भाचीला सांगितलं. मिळाले की नाही, ते तिने अजून सांगितलेलं नाही.

वसुलीचा मोठा हप्ता मात्र शेजारच्या डॉक्टरच्या हातून येतो. भिंतीपलीकडे रोज रात्री चाललेला धुडगूस ऐकून या डॉक्टरांना वाटत असतं की बॅक्स्टर भलताच रंगेल गडी आहे. मेल्यावर शरीर संशोधनाला दे, असंही ते सुचवतात. आपण त्यावर खळखळून हसलेलो असतो. नाताळच्या आदल्या रात्री फ्लॅटमध्ये मिस क्युबेलिक झोपेच्या गोळ्या घेऊन बेशुद्ध सापडते, बॅक्स्टर धावत डॉक्टरांना आणतो, आणि डॉक्टरांचा अर्थातच समज होतो की हे याच्यामुळेच झालं. तोच गैरसमज, तेच शेजारी. बॅक्स्टर खुलासा करू शकत नाही. मघाशी जो विनोद होता, तोच आता आरोप झालाय. फार्समध्ये गैरसमज फुगतो आणि फटकन फुटतो. इथे तो तसाच राहतो, फक्त जड होतो.

असंच एक टेनिसचं रॅकेट. तिला जरा बरं वाटू लागल्यावर बॅक्स्टर गाणं गुणगुणत स्पॅगेटी उकडतो आणि रॅकेटच्या जाळीतून पाणी गाळतो. एकट्या पुरुषाचं स्वयंपाकघर, हसण्यासारखंच. शेवटाकडे तो घर सोडायच्या तयारीत सामान आवरत असतो, रॅकेट हातात येतं आणि जाळीत स्पॅगेटीची एक वाळकी काडी अडकलेली दिसते. बास. तिची आठवण म्हणून घरात तेवढंच उरलंय.

चौकटीबद्दलही थोडं. ‘द अपार्टमेंट’ रुंद पडद्यासाठी चित्रित केला गेला, जो तेव्हा सहसा युद्धपट नाहीतर पौराणिक भव्यतेसाठी वापरत. वाइल्डरने त्या रुंदीत टेबलांच्या न संपणाऱ्या रांगा दाखवल्या. कलादिग्दर्शक अलेक्झांडर ट्राउनरने मागची टेबलं लहान लहान करत नेली आणि तिथे बुटकी माणसं बसवली, त्यामुळे ऑफिस आहे त्याहून कितीतरी खोल वाटतं. बघताना हसू येतं, आणि त्याच फ्रेममध्ये त्या माणसाचं नगण्य असणंही दिसतं. चित्रपटाच्या पाच ऑस्करपैकी एक कलादिग्दर्शनाचं होतं, ते उगीच नाही.

आपल्याकडे वळायचं तर राजेश मापुसकरांचा ‘व्हेंटिलेटर’ (२०१६) घ्या. गजाकाका अतिदक्षता विभागात, गणपती तोंडावर आणि हॉस्पिटलात कामेरकरांचा अख्खा गोतावळा. आत व्हेंटिलेटर, बाहेर गप्पा, रुसवेफुगवे, खाणंपिणं. ज्याने आपल्या माणसासाठी हॉस्पिटलच्या बाकावर रात्र काढली आहे त्याला हे अतिशयोक्त वाटणार नाही. या गर्दीला हसता हसता बाप आणि मुलगा यांच्यातलं अवघडलेपण वर येतं, आणि त्यासाठी गर्दी बाजूला सारावी लागत नाही. विनोद आणि दुःख एकाच खोलीत राहतात. जुन्या कौटुंबिक चित्रपटांत मुख्य कथेला समांतर विनोदी जोडी असायची, नायिका रडून झाली की ही जोडी यायची. तो तिसराच प्रकार. तिथे दोन्ही गोष्टींची चूल वेगळी असते.

उलट दिशेनेही चूक होते. ‘सम लाइक इट हॉट’मध्ये मर्लिन मन्रो पियानोवर बसून प्रेमभंगाचं गाणं गाते, तेव्हा सगळा धिंगाणा थांबतो आणि बाईच्या वेशातला टोनी कर्टिस पुढे होऊन तिला चुंबन देतो. क्षणभर चित्रपट खरोखर हळवा होतो. पण लगेच गुंड मागे लागतात आणि पळापळ सुरू. एका हळव्या शॉटने जात बदलत नाही. ‘बनवाबनवी’बद्दल भाचीला हेच सांगायचं होतं.

तिला एक घरगुती युक्तीही दिली. हशाची जागा आली की मोबाइलवर स्टॉपवॉच लावायचं आणि पुढचा कट किती सेकंदांनी पडतो ते टिपायचं. मग तोच प्रसंग आवाज बंद करून पुन्हा बघायचा. फार्स आवाजाशिवायही हसवतो. ‘द अपार्टमेंट’मधला पार्टीचा प्रसंग आवाज बंद केला की नुसता उदास दिसतो.

दोन्ही चित्रपटांचे शेवट मी तिला लागोपाठ बघायला लावले. दोन्हीकडे एक पुरुष प्रेम व्यक्त करतोय. मोटरबोटीत लेमन विग काढून ओरडतो की मी पुरुष आहे, आणि लक्षाधीश निर्विकारपणे म्हणतो, कुणीच परिपूर्ण नसतं. लेमनला उत्तर सुचायच्या आत चित्रपट संपतो. पुढे काय झालं हा प्रश्न फार्सला पडत नाही. दुसरीकडे क्युबेलिक धावत जिना चढते आणि दाराआडून मोठा आवाज येतो. बॅक्स्टरने तिला कधीतरी सांगितलं होतं की त्याने स्वतःवर गोळी झाडायचा प्रयत्न केला होता, त्यामुळे तिच्या आणि आपल्या पोटात एकदमच गोळा येतो. दार उघडतं तर त्याच्या हातात फसफसणारी शॅम्पेन. ती आत येते, सोफ्यावर बसते, अर्धवट राहिलेला पत्त्यांचा डाव पुढे घेते. तो म्हणतो, माझं तुझ्यावर प्रेम आहे. ती म्हणते, गप्प बस आणि पत्ते वाट. तो वाटायला लागतो, पण तिच्यावरून नजर काही हटत नाही, आणि कुणाला किती पानं गेली याचा त्याला पत्ता नसतो.