बर्डीच्या मेन रोडवरची प्रेमकथा

पडद्यावर नायिका आमच्या नागपूरच्या बर्डीच्या मेन रोडवरच्या गर्दीतून तरातरा निघते आणि मागून नायक ओरडतो, "कायले पळून राहिली वं?" थिएटरात क्षणभर शांतता, मग शिट्ट्याच शिट्ट्या. शेजारी बसलेल्या आईनं माझा हात घट्ट धरला. "अवं, हे तं आपलं मेन रोडचं वळण!"

एका साध्या, हसऱ्या प्रेमकथेत आपलं गाव दिसायला इतकी वर्षं का लागली, याचं उत्तर बरंचसं नकाशात आहे. १८६१ मध्ये मध्य प्रांत झाला आणि नागपूर त्याची राजधानी. पुढे त्याला वऱ्हाड जोडलं गेलं. १९५० मध्ये त्याच प्रांताचं मध्य प्रदेश झालं, तरी राजधानी नागपूरच राहिली. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. मराठी सिनेमा मात्र त्याआधीच दुसरीकडे घडला होता. 'प्रभात' फिल्म कंपनी १९२९ मध्ये कोल्हापुरात सुरू झाली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. स्टुडिओ, तंत्रज्ञ, नट सगळे तिकडे, आणि नागपूर मुंबईपासून रेल्वेनं आठशे किलोमीटरांहून लांब, वेगळ्या प्रांताची राजधानी.

आपल्याकडून सिनेमाला हवं होतं ते तिकीट. चित्रपटाच्या धंद्यात वितरणासाठी देशाचे जे भाग पाडलेत, त्यात आपल्या भागाचं नाव अजूनही 'सीपी-बेरार', म्हणजे मध्य प्रांत-वऱ्हाड, असंच आहे. तो प्रांत त्या नावानं राहिलाच नाही, पण धंद्याच्या वहीत गल्ला त्याच नावानं लिहिला जातो. सिनेमा बघणारं गाव म्हणून नागपूर केव्हाचं ओळखीचं होतं. गोष्ट घडण्याजोगं गाव म्हणून नव्हतं.

लिहिणारे नव्हते असं मुळीच नाही. नागपुरात रंजन कला मंदिर ही नाट्यसंस्था उभी करणाऱ्या पुरुषोत्तम दारव्हेकरांचं 'कट्यार काळजात घुसली' १९६७ मध्ये रंगमंचावर आलं आणि २०१५ मध्ये त्याचा सिनेमाही झाला. पण त्या कथेतलं गाव नागपूर नव्हे, विश्रामपूर.

बोलीचंही तसंच. वऱ्हाडी-नागपुरी बोलणारा माणूस पडद्यावर यायचा तो बहुतेक वेळा हशा पिकवायला. ज्या भाषेत आम्ही रुसलो, समजूत काढली, लग्नं ठरवली, त्या भाषेत नायक प्रेमात पडताना ऐकू येत नव्हता. हे मला लहानपणापासून टोचत आलंय.

हिंदीत वारं फिरलं ते गेल्या दशकात. २०११ मध्ये कानपूर, २०१५ मध्ये हरिद्वार, २०१७ मध्ये बरेली अशी मधल्या फळीची गावं प्रेमकथांची घरं झाली. उत्तर प्रदेश सरकारनं चित्रीकरणासाठी अनुदान दिलं, त्याचाही त्यात वाटा आहे. नागपूर ठसठशीत दिसलं ते २०२२ च्या 'झुंड'मध्ये. विजय बारसे यांच्या झोपडपट्टी फुटबॉलच्या कामावर बेतलेला तो सिनेमा मोठाच आहे. पण तिथे गाव दिसतं ते लढाईसाठी. बातम्यांतही आम्ही हिवाळी अधिवेशनात दिसतो, नाहीतर पारा पंचेचाळिशीच्या पुढे गेला की. या प्रेमकथेत मात्र गाव नुसतं असतं. दोघं तर्री पोहे खातात, फुटाळा तलावावर संध्याकाळ काढतात, आणि त्यासाठी नागपूरला कुठलं मोठं निमित्त लागत नाही. आमचे डोळे भरून आले ते यामुळे.

परतताना आईनं ऑटो मुद्दाम मेन रोडकडून घ्यायला लावला. दुकानांची शटर खाली आली होती. त्या वळणाशी तिनं ऑटोवाल्याला थांबवलं आणि एका पायरीकडे बोट दाखवलं. "साखरपुडा झाल्यावर पहिल्यांदा भेटलो ना, तं तुझे बाबा इथंच उभे होते. छत्री घेऊन."