स्वतंत्र संचालक

कंपनीच्या संचालक मंडळावरचा असा सदस्य, की ज्याचा त्या कंपनीशी, तिच्या प्रवर्तकांशी (कंपनी उभारून तिच्यावर ताबा ठेवणाऱ्यांशी) किंवा व्यवस्थापनाशी संचालकपदापलीकडे पैशाचा वा नात्याचा संबंध नसतो. रोजचा कारभार तो पाहत नाही. व्यवस्थापनाला प्रश्न विचारणे, हिशेब तपासून घेणे, प्रवर्तकांचे हितसंबंध गुंतलेल्या व्यवहारांवर नजर ठेवणे आणि मंडळात ज्यांचा आवाज पोहोचत नाही अशा छोट्या भागधारकांच्या बाजूने पाहणे, हे त्याचे काम. भारतात हे पद कंपनी कायदा, २०१३ चे कलम १४९, त्याच कायद्याची चौथी अनुसूची आणि शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिची २०१५ ची सूचीबद्धता नियमावली यांनी बांधलेले आहे.

ही कल्पना ब्रिटनमध्ये कंपन्यांच्या कारभारावर नेमलेल्या कॅडबरी समितीच्या १९९२ च्या अहवालानंतर जगभर पसरली. भारतात सेबीने नेमलेल्या कुमार मंगलम बिर्ला समितीच्या शिफारशींवरून २००० मध्ये शेअर बाजारांच्या सूचीकरण करारात ‘कलम ४९’ आले आणि सूचीबद्ध, म्हणजे शेअर बाजारात नोंदलेल्या, कंपन्यांना स्वतंत्र संचालक नेमणे भाग पडले. खुद्द कंपनी कायद्यात हे पद यायला मात्र २०१३ उजाडले. ब्रिटन-अमेरिकेत भागभांडवल हजारो हातांत विखुरलेले असते, म्हणून तिथे काळजी असते ती पगारी व्यवस्थापक बेफाम होण्याची. आपल्याकडे बहुतेक कंपन्यांत एक कुटुंब किंवा समूह मोठा हिस्सा धरून बसलेला असतो आणि तोच व्यवस्थापनही चालवतो. त्यामुळे इथला खरा पेच प्रवर्तक आणि बाकीचे भागधारक यांच्यातला आहे. परदेशातून आणलेला हा उपाय इथे कधी लागू पडतो आणि कधी पडत नाही, याचे मूळ या फरकात आहे.

किती आणि कोण

सूचीबद्ध कंपनीत किमान एक तृतीयांश संचालक स्वतंत्र हवेत. अपूर्णांक आला तर पुढचा पूर्णांक धरतात, म्हणजे सात जणांच्या मंडळात तीन. अध्यक्ष स्वतः कार्यकारी असेल, किंवा प्रवर्तक वा प्रवर्तकाचा नातलग असेल, तर सेबीच्या नियमाने हे प्रमाण निम्म्यावर जाते. बाजारमूल्याने पहिल्या १,००० कंपन्यांत किमान एक स्त्री स्वतंत्र संचालक लागते. सूचीबद्ध नसलेल्या सार्वजनिक कंपनीचे भरणा भांडवल १० कोटी, उलाढाल १०० कोटी किंवा कर्जे-ठेवी मिळून ५० कोटींपुढे असतील, तर तिलाही निदान दोन स्वतंत्र संचालक नेमावे लागतात. संयुक्त उपक्रम, संपूर्ण मालकीची उपकंपनी आणि व्यवहार थांबलेली सुप्त कंपनी यांना यातून सूट आहे.

पात्रतेच्या अटी बारकाईने लिहिलेल्या आहेत. मागच्या तीन वर्षांत उमेदवार कंपनीत नोकरीला नसावा. कंपनीच्या ऑडिटर फर्ममध्ये तो भागीदार नसावा. ज्या कायदा-सल्लागार फर्मला आपल्या उलाढालीतले १० टक्के वा जास्त काम या कंपनीकडून मिळते, तिथेही नसावा. स्वतःचे आणि नातलगांचे मिळून २ टक्के मतदानाचे शेअर त्याच्याकडे असता कामा नयेत. मुदत सलग पाच वर्षांची आणि अशा दोनच मुदती. त्यानंतर तीन वर्षे बाहेर राहावे लागते. शेअर ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या भावाने कंपनीचे शेअर घेण्याचे हक्क, त्याला देता येत नाहीत. प्रत्येक बैठकीला जास्तीत जास्त १ लाख रुपये सिटिंग फी आणि कायद्याच्या मर्यादेत कमिशन एवढेच मिळते. एका वेळी सातपेक्षा जास्त सूचीबद्ध कंपन्यांत तो स्वतंत्र संचालक राहू शकत नाही, आणि कुठे पूर्णवेळ संचालक असेल तर तीनच. डिसेंबर २०१९ पासून भारतीय कॉर्पोरेट कार्य संस्थेच्या डेटाबँकेत नाव नोंदवावे लागते, आणि अनुभवाने सूट मिळाली नसेल तर ऑनलाइन परीक्षाही द्यावी लागते.

या अटींतून नाते आणि पैसा गाळला जातो, मैत्री गाळली जात नाही. कॉलेजातला जुना मित्र, क्लबातला भिडू किंवा प्रवर्तकाच्या ट्रस्टवर वर्षानुवर्षे मानाने बसलेला माणूस कागदोपत्री पूर्ण स्वतंत्र ठरू शकतो. भिडेपोटी गप्प बसणे कुठल्याही प्रतिज्ञापत्रात पकडता येत नाही.

बैठक आणि कागद

मंडळाच्या वर्षाला किमान चार बैठका होतात आणि दोन बैठकांत १२० दिवसांपेक्षा जास्त अंतर चालत नाही. नोटीस सात दिवस आधी. कंपनी सेक्रेटरींच्या एसएस-१ या मानकानुसार विषयपत्रिका आणि प्रत्येक विषयाचे टिपणही सात दिवस आधी पोहोचले पाहिजे. इथे एक पळवाट आहे आणि नव्या संचालकाने ती पहिल्याच दिवशी समजून घ्यावी. शेअरच्या भावावर परिणाम करू शकेल अशा अप्रकाशित माहितीचे टिपण कमी मुदतीत देता येते. त्यासाठी बहुसंख्य संचालकांची, त्यांत एका तरी स्वतंत्र संचालकाची, संमती लागते. ती वर्षाच्या पहिल्या बैठकीत एकदाच सरसकट घेऊन ठेवता येते. तिमाही निकाल हेही अशाच माहितीत मोडतात. परिणाम असा, की सगळ्यांत महत्त्वाचा कागद सगळ्यांत उशिरा, कधी आदल्या रात्री टॅबवर येतो. चारशे पानांची फाइल रात्री नऊला आली आणि बैठक सकाळी अकराला असली, तर देखरेख नावापुरतीच उरते. संमती देतानाच ‘निकालांचा मसुदा किमान ४८ तास आधी’ अशी अट इतिवृत्तात घालून घेता येते, आणि ती घालावी.

दुसरी जागा म्हणजे ऐनवेळचे विषय. विषयपत्रिकेत नसलेला विषय अध्यक्षांच्या परवानगीने घेता येतो, पण त्यालाही हजर संचालकांच्या बहुमताची संमती हवी. उपकंपनीला कर्ज, समूहातल्या दुसऱ्या कंपनीसाठी हमी, जमिनीचा सौदा असे विषय चहाच्या कपांबरोबर पुढे सरकतात. ‘टिपण नाही, मूल्यांकन अहवाल नाही, म्हणून पुढच्या बैठकीत’ एवढे म्हणण्याचा अधिकार स्वतंत्र संचालकाला आहे.

इतिवृत्ताचा मसुदा बैठकीनंतर १५ दिवसांत सर्वांना पाठवायचा असतो. त्यावर सात दिवसांत हरकत कळवायची आणि ३० दिवसांच्या आत ते वहीत उतरते. बहुतेक संचालक हा मसुदा वाचत नाहीत. ‘सविस्तर चर्चेनंतर मंडळाने मंजुरी दिली’ या एका वाक्यात अर्ध्या तासाचे आक्षेप विरून जातात. चौथी अनुसूची स्पष्ट सांगते, की शंकेचे निरसन झाले नाही तर ती इतिवृत्तात नोंदवण्याचा आग्रह धरायचा. ईमेलने मसुदा परत पाठवताना आपला प्रश्न आणि मिळालेले उत्तर दोन ओळींत लिहून जोडणे, ही या कामातली सर्वांत साधी आणि सर्वांत उपयोगी सवय आहे.

वर्षातून एकदा स्वतंत्र संचालकांनी व्यवस्थापनाला बाहेर ठेवून वेगळे बसायचे असते. अध्यक्षांचे आणि मंडळाचे काम कसे चालले आहे आणि माहिती वेळेवर, पुरेशी येते का, हे तिथे ठरते. अनेक ठिकाणी ही बैठक मुख्य बैठकीआधी पंधरा मिनिटांत उरकतात. कंपनीच्या खर्चाने बाहेरचा तज्ज्ञ नेमून मत घेण्याची मुभाही अनुसूचीत आहे. तिचा वापर फारच थोडे करतात.

ऑडिट कमिटी

हिशेब आणि ऑडिट पाहणारी ही मंडळाची उपसमिती. खरे काम इथे होते. सेबीच्या नियमाने किमान तीन सदस्य, त्यांपैकी दोन तृतीयांश स्वतंत्र आणि अध्यक्षही स्वतंत्र. सर्वांना ताळेबंद वाचता आला पाहिजे आणि एकाला तरी हिशेबाचे मुरलेले ज्ञान हवे. कोरमसाठी, म्हणजे बैठक वैध ठरण्यासाठी, किमान दोन स्वतंत्र सदस्य हजर लागतात. संबंधित पक्षांशी होणारे व्यवहार, म्हणजे प्रवर्तकाच्या दुसऱ्या कंपनीकडून खरेदी, तिला विक्री, भाडे, कर्ज, यांना १ जानेवारी २०२२ पासून कमिटीतले फक्त स्वतंत्र सदस्यच मंजुरी देतात.

आकडे वाचायचे कसे, ते एका उदाहरणावरून दिसेल. विक्री १०० कोटींवरून १२० कोटी झाली आणि नफाही वाढला. पण ग्राहकांकडून येणे २० कोटींवरून ४० कोटी झाले. येणे भागिले विक्री गुणिले ३६५ केले की पैसे वसूल व्हायला लागणारे दिवस निघतात: आधी ७३, आता सुमारे १२२. माल खरेच विकला गेला, की मार्चअखेर वितरकांच्या गोदामात ढकलून बिले फाडली? एप्रिलमध्ये किती माल परत आला? येण्यांत प्रवर्तकाच्या ओळखीच्या कंपन्या किती? यातला एकेक प्रश्न लेखी विचारून मुख्य वित्त अधिकाऱ्याकडून लेखी उत्तर घ्यायचे. दुसरी तपासणी रोख रकमेची. वर्षभर ५०० कोटी बँकेत दिसतात आणि व्याज ९ कोटी, म्हणजे १.८ टक्के. मुदत ठेवींचे दर याहून पुष्कळ वर असताना हा हिशेब बसत नाही. एक तर पैसा वर्षभर तिथे नव्हता, नाहीतर तो कुठेतरी तारण अडकला आहे.

सत्यम

रोख रकमेची ही दुसरी तपासणीही पुरत नाही, हे सत्यम कॉम्प्युटर्सने दाखवले. १६ डिसेंबर २००८ रोजी हैदराबादच्या या कंपनीच्या मंडळाने प्रवर्तकांच्या कुटुंबाशी जोडलेल्या मेटास प्रॉपर्टीज आणि मेटास इन्फ्रा या दोन कंपन्या सुमारे १.६ अब्ज डॉलरना घ्यायला मंजुरी दिली. मंडळावर नामांकित प्राध्यापक होते, माजी कॅबिनेट सचिव होते. गुंतवणूकदार खवळले आणि काही तासांत निर्णय मागे घ्यावा लागला. ७ जानेवारी २००९ रोजी अध्यक्ष रामलिंग राजू यांनी पत्र लिहून कबूल केले, की ताळेबंदातल्या ५,३६१ कोटींच्या रोख व बँक शिलकीपैकी ५,०४० कोटी अस्तित्वातच नाहीत. त्यावरचे येणे दाखवलेले ३७६ कोटींचे व्याजही खोटे होते. म्हणजे ठेव आणि व्याज दोन्ही रचलेली असतील, तर गुणोत्तर व्यवस्थित जुळते. त्यावर इलाज एकच: शिलकीचा दाखला ऑडिटरने बँकेकडून थेट मागवायचा, कंपनीच्या हातून आलेला घ्यायचा नाही. तो तसा मागवला का, हे ऑडिटरला व्यवस्थापनाच्या गैरहजेरीत विचारणे ऑडिट कमिटीच्या अध्यक्षाच्या हातात असते.

मेटासचा सौदा संबंधितांचा आहे हे मंडळाला माहीत होते आणि चर्चाही झाली, पण सॉफ्टवेअर कंपनीने बांधकामात का शिरावे या प्रश्नावर कोणी अडून बसले नाही. कीर्तिवंत माणसे मंडळावर असणे आणि मंडळाने काम करणे या किती वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे दिसते. राजू यांनी पुढे पत्रात लिहिले, की हा सौदा खोट्या मालमत्तेच्या जागी खरी मालमत्ता आणण्याचा शेवटचा प्रयत्न होता. तो मंजूर होऊन पार पडला असता, तर खोटेपणा कदाचित झाकला गेला असता.

नेमणूक आणि हकालपट्टी

ज्याच्यावर पहारा द्यायचा त्याच्याच मतांवर पहारेकऱ्याची नेमणूक, ही या व्यवस्थेची सर्वांत दुखरी जागा. डिसेंबर २०१६ मध्ये टाटा समूहातल्या वादात स्वतंत्र संचालक नस्ली वाडिया यांना टाटा स्टील, टाटा मोटर्स आणि टाटा केमिकल्स या तिन्ही मंडळांवरून भागधारकांच्या साध्या ठरावाने दूर केले गेले. वाद कोणाच्या बाजूने योग्य होता हा भाग वेगळा. प्रवर्तकाशी मतभेद झालेला स्वतंत्र संचालक साध्या बहुमताने जाऊ शकतो, हे त्यातून सर्वांना दिसले. १ जानेवारी २०२२ पासून सेबीने नेमणूक आणि हकालपट्टी दोन्हींसाठी विशेष ठराव लावला, म्हणजे पडलेल्या मतांपैकी तीन चतुर्थांश.

हे कुलूप वाटते तितके घट्ट नाही. प्रवर्तकाकडे ६० टक्के शेअर असले आणि बाकीच्या ४० टक्क्यांपैकी निम्म्यांनीच मत दिले, तर ८० पैकी ६० ही बरोबर तीन चतुर्थांश मते होतात. त्याला दुसऱ्या कोणाची गरजच पडत नाही. ई-व्होटिंग असूनही किरकोळ भागधारक मत देत नाहीत. म्युच्युअल फंड आणि विमा कंपन्या काय करतात यावर सगळे अवलंबून असते.

राजीनामा दिला तर त्याची सविस्तर कारणे सात दिवसांत शेअर बाजाराला कळवावी लागतात आणि ‘याखेरीज दुसरे महत्त्वाचे कारण नाही’ असा लेखी निर्वाळा द्यावा लागतो. तरीही ‘वैयक्तिक कारणास्तव’ हे शब्द पत्रात वारंवार येतात. ऑडिटर आणि दोन स्वतंत्र संचालक एकाच तिमाहीत वैयक्तिक कारणांनी गेले, तर जाणकार गुंतवणूकदार ताळेबंद पुन्हा काढून बसतात.

जबाबदारी

कलम १४९(१२) नुसार स्वतंत्र संचालक जबाबदार ठरतो तो मंडळाच्या कामकाजातून त्याला माहीत झालेल्या गोष्टींपुरता, आणि त्यांना त्याची संमती वा साथ असेल किंवा त्याने पुरेशी दक्षता घेतली नसेल तर. यातली शेवटची, दक्षतेची अट भारी आहे. बैठकीला गेलो नव्हतो ही सबब फारशी टिकत नाही, कारण इतिवृत्त घरी येते. शिवाय बारा महिन्यांतल्या एकाही बैठकीला हजर नसलेल्याचे पदच जाते.

सहकारी संस्थांत

महाराष्ट्रात देखरेखीचा हाच प्रश्न सहकाराच्या अंगाने जास्त लोकांच्या घरापर्यंत पोहोचतो. सहकारी संस्थांविषयीच्या ९७ व्या घटनादुरुस्तीनंतर राज्याच्या सहकार कायद्यात संस्थेच्या समितीची कमाल सदस्यसंख्या २१ ठरली आणि दोनपर्यंत तज्ज्ञ संचालक स्वीकृत करण्याची सोय झाली. पदाधिकारी निवडीत मात्र त्यांना मत ठेवले नाही. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले तेव्हा तिच्या कर्जांचा फार मोठा भाग एकाच बांधकाम समूहाकडे अडकल्याचे उघड झाले. त्याच वर्षी ३१ डिसेंबरला रिझर्व्ह बँकेने १०० कोटी व त्याहून अधिक ठेवी असलेल्या नागरी सहकारी बँकांना संचालक मंडळाखेरीज पाच ते बारा जणांचे वेगळे व्यवस्थापन मंडळ नेमायला सांगितले. बँकिंग, लेखाशास्त्र, कायदा, शेती-अर्थकारण अशा विषयांतली जाणकार माणसे त्यावर हवीत, आणि कर्जप्रस्तावांची छाननी, थकबाकी, अंतर्गत तपासणी ही कामे त्यांच्याकडे आहेत. मात्र हे मंडळ नेमते निवडून आलेले संचालक मंडळच. तालुक्याच्या ठिकाणी जाणकार सीए बहुधा बँकेच्याच कर्जदारांचे हिशेब पाहत असतो. म्हणून व्यवस्थापन मंडळावर नाव सुचवताना त्याच्या अशिलांची यादी बँकेच्या मोठ्या कर्जदारांच्या यादीशेजारी ठेवून वाचावी लागते.