बीटीच्या थैलीतली ती छोटी पुडी

'बीटी कपाशीच्या बियाण्याच्या बॅगेसोबत येणारी १२० ग्रॅमची पुडी म्हणजे कंपनीचं टाकाऊ बी. फार तर नांग्या (न उगवलेल्या जागा) भरायला वापरा, नाहीतर बांधावर फेका.' कापूसपट्ट्यात वर्षानुवर्षं चाललेला हा समज साफ चुकीचा.

बीटी कपाशीच्या झाडातच अळीला मारणारं विष तयार होतं. पुडीत मात्र बीटी नसलेलं साधं बी असायचं, आणि ते अळीला खाऊ घालण्यासाठीच होतं. बीटीचं विष पचवणाऱ्या गुलाबी बोंडअळ्या सुरुवातीला विरळ असतात. शेजारच्या साध्या कपाशीवर वाढलेले भरपूर पतंग त्यांच्याशी जोडी जमवतात. प्रतिकाराचा गुण बहुधा अप्रभावी, म्हणजे आई-बाप दोघांकडून आला तरच दिसणारा, असल्यानं त्यांची पिल्लं पुन्हा बीटीवर मरतात. साधी कपाशीच नसेल तर? बीटीवर जगलेले उरलेसुरले पतंग आपापसातच जुळतात, आणि त्यांची पिल्लंही विष पचवणारीच निघतात. त्यात ही अळी जवळपास कपाशीवरच जगते. हिरव्या बोंडअळीसारखा तिला तूर-हरभऱ्याचा आसरा नाही. वर फरदड (हंगाम संपल्यावरही शेतात राखलेली कपाशी) ठेवून आपणच तिला पोसलं! २०१७ साली विदर्भात गुलाबी बोंडअळीनं कपाशीचं काय केलं, ते सगळ्यांना आठवतं.

अमेरिकेत ॲरिझोनाच्या शेतकऱ्यांनी आश्रय पीक, म्हणजे बीटीशेजारची ही साधी कपाशी, नेमानं लावलं, पुढे वंध्य पतंगही सोडले गेले. २०१८ मध्ये त्या देशाच्या कापूसपट्ट्यातून ही अळी हद्दपार झाल्याचं जाहीर झालं.

आपल्याकडे आता साधं बी ४७५ ग्रॅमच्या पाकिटात मिसळूनच येतं, त्यामुळे फेकायची सोय उरली नाही. फक्त उशीर झाला. प्रतिकार आधीच पसरलाय.