कोपऱ्यावरची इमारत भूकंपात का फिरते?

विजापूर रोडवर एका नव्या इमारतीचा फलक लागलाय, ‘100 टक्के भूकंपप्रूफ’. फलकावरची इमारत दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर आहे, काटकोनात वळलेली. दोन्ही रस्त्यांकडे तळमजल्यावर ओळीने गाळे, म्हणजे नुसते कॉलम आणि शटर. मागच्या दोन बाजूंना सलग वीटकाम, आणि जिना-लिफ्ट त्याच मागच्या कोपऱ्यात. मजकूर लिहिणाऱ्याने चित्र नीट पाहिलेलं दिसत नाही.

‘आपल्याखाली काळा पाषाण आहे, सोलापुरात कसला भूकंप?’ हे इथं सर्रास ऐकू येतं. किल्लारीखालीही तोच पाषाण होता. शिवाय तेव्हाच्या नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या पट्ट्यात होता. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती बोळवून लोक झोपले असताना, तिथली दगडमातीची घरं माणसांवर कोसळली. सोलापूरपासून हे अंतर सरळ रेषेत जेमतेम 80 किलोमीटर. 2002 च्या नकाशाप्रमाणे सोलापूर तिसऱ्या पट्ट्यात मोडतं.

किल्लारीनंतर लोकांनी धडा घेतला तो एवढाच, की आरसीसी केलं म्हणजे झालं. 26 जानेवारी 2001 ला भुजच्या भूकंपाने तो खोडून काढला. केंद्रापासून 200 किलोमीटरहून लांब असलेल्या अहमदाबादेत आरसीसीच्या कित्येक इमारती पडल्या, आणि त्यांतल्या बऱ्याच खाली मोकळं पार्किंग असलेल्या होत्या. त्यावर पुष्कळ लिहून झालंय. मला बोलायचंय ते इमारतीच्या पिळाबद्दल.

एसटीने अचानक धक्का दिला की आपण मागे पडतो, तसं जमीन सरकली की इमारतीचं वजन मागे राहू पाहतं. प्रत्येक मजल्याचा हा जोर स्लॅबच्या वजनाच्या केंद्रातून लागतो. त्याला अडवतात कॉलम आणि भिंती, आणि त्यांच्या ताठपणालाही स्वतःचं एक केंद्र असतं. दोन्ही केंद्रं एकाच जागी असली तर मजला सरळ हलतो. नसली तर? भाजीच्या हातगाडीचं एक चाक खड्ड्यात रुतल्यावर काय होतं, हे सोलापूरकराला सांगायला नको. ढकलावं सरळ, पण गाडी त्या चाकाभोवती वळते. फलकावरच्या इमारतीचं रुतलेलं चाक म्हणजे भिंतींनी ताठ झालेला जिना-लिफ्टचा मागचा कोपरा. फिरताना सर्वांत जास्त सरकतो तो समोरचा, शटरकडचा कोपरा, आणि तिथल्याच कॉलमना आधार द्यायला एकही भिंत नसते.

गंमत म्हणजे हिशेबात बहुधा या विटांच्या भिंतींचं फक्त वजन धरतात, ताठपणा धरत नाहीत. कागदावर समतोल असलेली इमारत जागेवर एकांगी होते ती इथं.

पिळाला होणारा विरोध भिंत ताठपणाच्या केंद्रापासून किती दूर आहे त्याच्या वर्गावर ठरतो. अंतर दुप्पट केलं की तीच भिंत पिळाविरुद्ध चौपट कामाची. म्हणून काँक्रीटच्या भिंती दोन समोरासमोरच्या टोकांना विभागून द्याव्यात. एकाच जागी गठ्ठा करू नये. त्यातून फिरण्याचा आवर्तनकाल (एक हेलकावा पुरा व्हायला लागणारा वेळ) बाजूला हलण्याच्या आवर्तनकालाजवळ आला, तर दोन्ही हालचाली एकमेकींत मिसळतात आणि छोट्याशा विकेंद्रतेचाही, म्हणजे दोन केंद्रांतल्या अंतराचाही, पीळ साध्या गणितापेक्षा बराच वाढतो. (हे वाक्य सुटलं तरी चालेल, हातगाडी लक्षात ठेवा.)

याचा प्रयोग निसर्गाने डिसेंबर 1972 मध्ये निकाराग्वाच्या मानाग्वा शहरात करून दाखवला. बँकांच्या दोन उंच इमारती, जवळजवळ शेजारी. एकीचे लिफ्ट-जिन्याचे गाभे, म्हणजे त्यांच्याभोवतीच्या काँक्रीटच्या भिंती, एका टोकाला, दुसरीचे चारही गाभे सममितीने बसवलेले. पहिलीचं जबर नुकसान झालं, दुसरी त्या मानाने थोडक्यात निभावली.

इथं वास्तुशास्त्रवाल्यांची आठवण होतेच. जिना नैर्ऋत्येला, पाण्याची टाकीही नैर्ऋत्येला. मालक हट्ट धरतो आणि इंजिनिअर मान डोलावतो. भूकंपाला दिशा कळत नाहीत, कॉलमला तर त्याहून नाही. जिना कोपऱ्यात हवाच असेल तर समोरच्या बाजूला तेवढाच ताठ आधार द्या, मग तो कोपरा कुठल्या का देवतेचा असेना.

राहिला काटकोनी आकार. त्याच्या दोन पाखा वेगवेगळ्या ठेक्यात हलतात आणि आतल्या कोपऱ्यात स्लॅब फाटू पाहतो. भूकंपरोधक बांधकामाच्या आपल्या संहितेप्रमाणे आतला कोपरा सोडून बाहेर आलेला भाग त्या दिशेच्या एकूण लांबीच्या 15 टक्क्यांहून जास्त असेल तर इमारत अनियमित धरली जाते. उपाय जुना आहे, मध्ये फट ठेवून दोन स्वतंत्र इमारती करायच्या. गेल्या वर्षी अशी एक फट मी जवळून पाहिली. नकाशात चांगली दाखवलेली होती, पण जागेवर सेंट्रिंगच्या फळ्यांचे तुकडे, विटांचे अर्धे आणि वाळलेला माल तिच्यात खालपर्यंत भरलेला. वरून गिलावा इतका सफाईने केला होता, की पेन्सिलीने ठोकल्यावरच ती कुठून जाते ते कळलं.